भाचीच्या नावाचे कुलूप

माझी भाची फेब्रुवारीत अठरा वर्षांची झाली. ती आणि ताई अमेरिकेत, ओहायोत राहतात. ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू होणार, म्हणून दोन मैत्रिणींबरोबर कॉलेजजवळ घर भाड्याने घ्यायचे ठरले. ताई जामीन राहणार होती, तरी घर देणाऱ्या एजन्सीला प्रत्येक मुलीचा क्रेडिट रिपोर्ट हवा होता. मैत्रिणींचे काम झाले, हिचा रिपोर्ट काही निघेना. फाइल फ्रीज केलेली आहे, एवढेच उत्तर.

रात्री ताईचा बडोद्याला फोन. "तू कॉम्प्युटरवाला ना, बघ बाबा काय ते." आईने अर्धेच ऐकले आणि म्हणाली, "फ्रीज बिघडला तर मेकॅनिक बोलवा म्हणावं, याला काय विचारते?"

हा फ्रीज वेगळा. अमेरिकेत कर्ज, कार्ड, भाड्याचे घर, सगळ्याआधी तुमची पत तपासतात. ती माहिती प्रामुख्याने तीन कंपन्यांकडे असते: इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन. (आपल्या सिबिलची मालकी या शेवटच्या कंपनीकडेच आहे.) फाइल फ्रीज केली की नवे कर्ज देणाऱ्याला ती उघडता येत नाही, आणि फाइल न बघता सहसा कोणी कर्ज देत नाही. म्हणजे चोराच्या हाती तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर लागला तरी त्याची पंचाईत.

लहान मुलांचे नंबर चोरांना विशेष आवडतात. नंबर बहुधा जन्मानंतर लगेच मिळतो, पण त्यावर ना कर्ज, ना कार्ड. त्याला दुसरेच नाव आणि जन्मतारीख जोडून कर्ज काढले, तर मूल मोठे होईपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. 2017 मध्ये इक्विफॅक्समधून सुमारे 14.7 कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. पुढच्या वर्षी तिकडे कायदा झाला आणि 21 सप्टेंबर 2018 पासून फ्रीज सगळ्यांना मोफत झाले. सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी आईवडिलांना अर्ज करता येऊ लागला. गंमत म्हणजे मुलाची फाइलच नसते, तेव्हा कंपनी आधी फाइल तयार करते, ती केवळ कुलूप लावण्यासाठी!

जिजाजींनी हे त्याच वर्षी केले होते. भाची तेव्हा दहा वर्षांची होती. तीन वर्षांपूर्वी जिजाजी गेले. ही कागदपत्रे तेच बघत, त्यामुळे ताईला यातले काहीच माहीत नव्हते. दोन दिवस शोधल्यावर तळघरातल्या एका खोक्यात निळी फाइल सापडली. आत तिन्ही कंपन्यांची पत्रे, पाठवलेल्या अर्जांच्या प्रती आणि पोस्टाच्या पावत्या, तारखेप्रमाणे लावलेल्या.

फाइल हातात आल्यावर ताई वेगळेच बोलू लागली. "राहू दे. त्यांनी विचार करूनच लावलं असेल ना? घर दुसरं बघू." मी व्हिडिओवर गप्प बसलो. यात मी काय बोलणार? भाचीच म्हणाली, "आई, मी काढून परत लावणार आहे. माझ्या नावाने."

अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून हे कुलूप आपोआप निघत नाही. कोणी मागणी करेपर्यंत ते तसेच राहते. ती आता सज्ञान, म्हणून पत्रे तिनेच लिहिली. बरोबर जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड, सरकारी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा यांच्या प्रती. जिजाजी गेल्यावर त्यांनी घर बदलले होते, त्यामुळे पत्रात जुना आणि नवा असे दोन्ही पत्ते घातले. तिच्या नावाचे विजेचे बिल कुठून असणार? बँकेचे स्टेटमेंट जोडले. तिन्ही ठिकाणच्या सूचना थोड्या वेगळ्या होत्या, म्हणून मी त्यांचा एक तक्ता केला. माझे योगदान म्हणाल तर तेवढेच. आणि हो, एजन्सी तिघांपैकी कोणाकडून रिपोर्ट काढते ते आधी विचारून घ्यायला सांगितले, म्हणजे ते पाकीट सर्वांत आधी टाकता आले.

कायद्याने पोस्टाने आलेल्या मागणीवर, पत्र पोहोचल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कुलूप काढायचे असते. मोठ्या माणसाने फोनवर किंवा ऑनलाइन मागितले तर एका तासात. मी दिवसभर मिलिसेकंदांवरून भांडणारा माणूस, आणि आठवडाभर पोस्टाचा ट्रॅकिंग नंबर बघत बसलो होतो.

पहिला रिपोर्ट निघाला तेव्हा बडोद्यात पहाट होती. भाचीने फोनचा कॅमेरा स्क्रीनसमोर धरला. नाव, जन्मतारीख, दोन पत्ते आणि खाली काही नाही. ना कर्ज, ना अनोळखी नाव. तिच्या नंबरला कोणी हात लावला नव्हता. ताईने ते पान दोनदा वर-खाली करायला लावले. मग चष्मा काढून पुसत बसली.

पत कोरी असली तरी ताई जामीन असल्याने एजन्सीचे काम भागले आणि करारावर सह्या झाल्या. भाचीने दोन कंपन्यांकडे स्वतःची खाती उघडून पुन्हा फ्रीज लावले आहे. आता हवे तेव्हा ती ते फोनवरून चार दिवसांपुरते उघडू शकते. तिसरे तिने मोकळे ठेवले आहे, पहिले कार्ड मिळेपर्यंत. ताईला ते पटलेले नाही. दर रविवारी ती विचारते, "तिसरं लावलंस का गं?"