पाणी नाहीं

समुद्राची ओढ आम्हां नांदेडकरांना फारशी नाहीं. गोदावरी आमच्या घाटाखालून बंगालच्या उपसागराकडे जाते, लातूरची मांजराहि पुढें तिलाच मिळते. पण त्या पाण्याचें पुढें काय होतें याची चौकशी आम्ही सहसा करीत नाहीं. तरी मिडवेच्या लढाईची हकीकत मी पुनःपुन्हां वाचतों. तींत बुडालेल्या चार जपानी विमानवाहू जहाजांपैकीं आकागी, सोर्यू व हिर्यू हीं तीन त्याआधीं दोनच महिने आमच्या बाजूच्या समुद्रांत होतीं. त्यांच्या विमानांनीं कोलंबो व त्रिंकोमाली झोडपलें. त्याच मोहिमेंतल्या दुसऱ्या विमानांनीं ६ एप्रिल १९४२ रोजीं विशाखापट्टणम् व काकिनाडा येथें बाँब टाकले. काकिनाडा गोदावरीच्या मुखापासून फार दूर नाहीं.

पण मला खिळवून ठेवते ती लढाईआधींची एक बातमी. जपानी संदेशांत ‘एएफ्’ या खुणेचें ठिकाण वारंवार येई. तें मिडवे बेट असावें, असा हवाई येथील रॉशफोर्ट यांच्या मंडळीचा तर्क होता. पण नुसत्या तर्कावर आरमार कसें हलवावें? तेव्हां मे महिन्यांत मिडवेच्या ठाण्याला समुद्राखालील तारेनें गुपचूप कळविण्यांत आलें कीं, ‘गोडें पाणी करण्याचें यंत्र बिघडलें’ असा बिनतारी संदेश उघड्या भाषेंत पाठवा. जपान्यांनीं तो ऐकला आणि ‘एएफ् येथें पाण्याचा तुटवडा’ असें आपल्या लोकांस कळविलें. संशय फिटला.

एवढ्यानेंच लढाई जिंकली असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. ४ जूनला हॉर्नेट जहाजावरून गेलेल्या १५ टॉर्पेडो-विमानांपैकीं एकहि परतलें नाहीं. त्यांतला माणूस वांचला तो एकच. मग साडेदहाच्या सुमारास उंचावरून सूर मारीत दुसरीं विमानें उतरलीं, आणि थोड्याच मिनिटांत तीन जहाजें पेटलीं. सुमारें ३,००० जपानी माणसें त्या लढाईंत गेलीं.

तरी माझें मन त्या संदेशापाशींच अडतें. तोफांची संख्या कोणी उघड सांगती, तर जपानी अधिकाऱ्यानें ती दहादां पारखून घेतली असती. पाणी नाहीं, हें त्यानें तसेंच्या तसें मानलें.

आमच्या बायका घरांतला जिन्नस ‘नाहीं’ असें कधीं म्हणत नाहींत. तांदूळ संपले तर ‘वाढले’ म्हणावयाचें. म्हणूनच २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूरच्या बहिणीचा फोन आला तो मला चमत्कारिक वाटला : “दादा, सुटीत लेकरांना पाठवू नको. पाणी नाही.” तिच्या बोलण्यांतून दुसराच अर्थ काढण्याची आमच्या घरची जुनी वहिवाट, त्या दिवशीं तो कोणींच काढला नाहीं. मांजरेचें धरण आटलें होतें. पाण्यावरून दंगा होऊं नये म्हणून मार्चमध्यें शहरांत पाणवठ्यांजवळ जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून आगगाडीनें दहा वाघिणी पाणी आलें, सुमारें पांच लाख लिटर.

पुढें एका दिवाळींत मीं तिला मिडवेची ती गोष्ट सांगितली. लढाईचा भाग तिनें निवडलेल्या मेथीबरोबर बाजूला सारला.

“म्हणजे यंत्र धड होतं त्यांचं?”

“अगदी धड.”

“आणि पाणी असून नाही म्हणाले?” तिनें विचारलें, आणि उठून माठावरचें झांकण नीट केलें.