मागे जाणारी बॅट

गोल्फच्या पुस्तकांतील बॅकस्विंगची वर्णने आम्ही कुतूहलाने वाचतो. खांदे जवळजवळ ९० अंशांत वळावेत, कंबर त्याच्या निम्मीच. पुढचा हात शक्यतो सरळ असावा आणि घाई मुळीच नसावी. हे सारे निर्दोष साधता येते, कारण चेंडू जागीच थांबलेला असतो.

वसई-विरारच्या मैदानांवर वाढलेल्या आम्हांला ही चैन ठाऊक नाही. आमच्याकडे मागे जाते ती बॅट, आणि चेंडू थांबत नाही. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचायला अर्धा सेकंदही घेत नाही; म्हणजे चेंडू पुरता कळण्याआधीच बॅट उचललेली असावी लागते.

पृथ्वी शॉची बॅट उंच जाते, तीही यष्टींच्या रेषेत नव्हे तर गलीच्या दिशेने. विरारहून लोकलने वांद्र्याच्या शाळेत जाणाऱ्या या मुलाने २०१३ साली हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा केल्या. २०१८ साली राजकोटला कसोटी पदार्पणात १३४. तेव्हा ती उचल उमदी ठरली. १७ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडला रिकी पॉन्टिंग समालोचनात त्याच्या बॅट-पॅडमधील फटीविषयी बोलत असतानाच स्टार्कचा चेंडू आत आला आणि आतली कड घेऊन यष्टींवर गेला. सामन्याचा तो दुसराच चेंडू. दुसऱ्या डावात कमिन्सने त्याचा ४ धावांवर त्रिफळा उडवला, आणि तीच उचल एका रात्रीत दोष झाली. (पहिल्या संग्रहातील प्रतिभा दुसऱ्या संग्रहात लकब ठरते, हे आपल्या समीक्षेला नवे नाही.)

बोरलला पाण्याच्या टाकीच्या विटांवर गोल्फचा चेंडू आपटून तो स्टंपने टोलवणारा ब्रॅडमन. त्याचीही बॅट स्लिपकडेच जाई. तेव्हा आमच्या मते खोट बॅट मागे जाण्यात नाही. बाहेरून निघालेली बॅट वेळेत पॅडलगत परतते की नाही, आणि तोवर पाय कुठे पोहोचलेला असतो, एवढाच प्रश्न आहे. ॲडलेडनंतर आमच्याकडच्या मैदानांवर दहा-बारा वर्षांच्या पोरांना ‘बॅट खाली ठेव’ म्हणून दटावले जाऊ लागले, ते आम्हांला म्हणूनच खटकले. त्या पोरांच्या पायांकडे कोणी पाहतच नव्हते.

शॉला त्या मालिकेत पुन्हा खेळवले नाही. पुढे २०२१च्या विजय हजारे करंडकात त्याने ८ सामन्यांत ८२७ धावा काढल्या. बॅट तेव्हाही उंचच जात होती.