गव्याच्या वाटेवर

आफ्रिकेतील अभयारण्यांची वर्णने आपण वाचतो, चित्रपटांतून ती पाहतो. उघड्या मोटारीत बसलेले पाहुणे, गळ्यात दुर्बिणी, आणि दहा-पंधरा हातांवर आळसावून पडलेला सिंह! या चित्रात माणूस नेहमी उंचावर असतो आणि जनावर खाली. परंतु याच आफ्रिकेत, आजच्या झांबिया देशातील लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात, नॉर्मन कार नावाच्या वनाधिकाऱ्याने १९५० नंतरच्या काळात पाहुण्यांना मोटारीतून उतरवून चक्क पायी चालायला लावले. उजाडता उजाडता निघायचे, एकामागून एक चालायचे, पुढे वाटाड्या, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. ही पद्धत पुढे फार नावाजली गेली. मला मात्र ते वाचताना थोडी गंमत वाटली. आमच्या सह्याद्रीतला गुराखी आणि मध गोळा करणारा पिढ्यान् पिढ्या असाच तर चालत आला आहे. त्याला पाहुणा कुणी म्हटले नाही, एवढेच!

अशीच एक पहाटेची वाट आम्ही घरचे चौघे गेल्या शिमग्याच्या सुट्टीत चाललो. ठिकाण दाजीपूर. रत्नागिरीहून ते तसे फार दूर नाही. महामार्गाने राजापूर मागे टाकून नांदगावला यावे, तिथे फोंड्याकडे वळावे आणि घाट चढावा. घाट संपता संपताच कोल्हापूर जिल्हा लागतो आणि दाजीपूरचे रान सुरू होते. माझ्या आईचे माहेर या घाटाच्या पायथ्याशी. लहानपणापासून आम्ही तिथे जात आलो. पण घाटावरच्या त्या काळ्याशार रानाकडे खालूनच पाहत आलो. या वेळी बाबांनी मनावर घेतले.

या रानाला मोठा इतिहास आहे. एके काळी हे कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे राखीव रान. राजर्षी शाहू महाराजांनी १९०७-०८ च्या सुमारास भोगावती नदीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले, ते याच डोंगरांच्या कुशीत. कोल्हापूरच्या दरबाराला शिकारीचा शौक मोठा. पाळीव चित्ते सोडून काळवीट धरण्याचा खेळ तिथे चाले. आणि आपल्या देशातले चित्ते दुर्मीळ झाले तेव्हा ते थेट आफ्रिकेतून आणले गेले. १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले, आणि २०२२ साली नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात आणून सोडण्यात आले. काळाचा फेरा कसा असतो पाहा! शिकारीसाठी ज्या खंडाकडे हात पसरला, त्याच खंडाकडे पुढे चित्ता परत मिळावा म्हणूनही पसरावा लागला. दाजीपूरच्या गव्याचे नशीब त्या मानाने बरे. १९५८ साली हे रान त्याच्यासाठी अभयारण्य झाले. १९८५ साली त्याची हद्द वाढून ते राधानगरी अभयारण्य म्हणून ओळखले जाऊ लागले. आज त्याचा विस्तार ३५१ चौरस किलोमीटर आहे.

आम्ही निघालो तेव्हा अजून तांबडे फुटायचे होते. परवानगीचे सोपस्कार आदल्या दिवशीच झाले होते. वाटाड्या तिथल्याच वाडीतला, पन्नाशीचा, अंगाने काटक. त्याने आम्हांला रांगेत उभे केले आणि दबक्या आवाजात सांगितले, "आता बोलायचं न्हाई. मी हात वर केला की हाय तितंच थांबायचं. आणि काय बी दिसलं तरी पळायचं न्हाई." धाकट्या भावाने मान डोलावली. बाबा स्वभावाने बोलके. त्यांनी तोंडावर बोट ठेवून आम्हांलाच गप्प राहण्याची खूण केली!

बोलणे थांबले की रान बोलू लागते. दूर कुठे रानकोंबडा आरवला. पायांखालचा पाचोळा दवाने भिजून मऊ झाला होता. वाटेकडेला अंजनीची झुडपे ऐन बहरात होती. तो निळा-जांभळा रंग अंधुक उजेडातही डोळ्यांत भरत होता. एके ठिकाणी वारूळ उकरलेले दिसले. वाटाड्याने नुसते ओठ हलवून सांगितले, "अस्वल." पुढे मऊ मातीत खुरांचे मोठे ठसे लागले, आणि त्यांच्या जवळच शेण पडले होते. वाटाड्या वाकण्याआधी आईच खाली वाकली. तिने हाताची पालथी बाजू त्या शेणाजवळ नेली आणि म्हणाली, "रात्रीचं नाही हे. आत्ताचं आहे."

वाटाड्याने तिच्याकडे वळून पाहिले. "ताई, तुमी हिकडच्याच काय?"

"घाटाखालची," आई म्हणाली.

त्यानंतर तो दोनदा थांबला, आणि दोन्ही वेळा त्याने आधी आईकडे पाहिले. रत्नागिरीतल्या आमच्या घरात आई फारशी बोलत नाही. बाहेरचे व्यवहार बाबांचे, चर्चा आमच्या दोघांच्या. तिला इतके काही ठाऊक आहे, हे मला त्या वाटेवर प्रथमच कळत होते.

झाडी विरळ झाली आणि पुढे सडा दिसू लागला. सडा म्हणजे काय हे रत्नागिरीकरांना सांगायला नको. तोच जांभा, तेच वाळलेले पिवळे गवत. आणि त्या गवताच्या कडेला वाटाड्याचा हात वर गेला.

प्रथम मला ती दरड वाटली. मग दरडीला शिंगे दिसली. एकटा नर गवा होता. खांद्यापाशी सहज सहा फूट उंच. अंग काळेभोर, कपाळ राखी, आणि गुडघ्यांपासून खाली चारही पाय पांढरे, जणू कुणी मोजे चढवले आहेत! पूर्ण वाढलेल्या नराचे वजन हजार किलोपर्यंत भरते, असे पुस्तकात वाचले होते. पुस्तकातला आकडा आणि तीस पावलांवर उभे असलेले ते वजन यांत फार अंतर आहे. मध्ये ना मोटार, ना कुंपण. त्याने मान वर केली. वारा त्याच्याकडून आमच्याकडे येत होता, म्हणून त्याला आमचा वास लागला नसावा. पण काहीतरी कळले होते खास. नाकातून मोठा फूत्कार टाकून तो आमच्याकडे बघत राहिला. भावाचा हात आईने घट्ट धरला होता. बाबा हळूच एक पाऊल सरकून आम्हां सर्वांच्या पुढे उभे राहिले. किती वेळ गेला कोण जाणे! मग त्याने शांतपणे तोंड फिरवले आणि तो कारवीच्या जाळीत शिरला. एवढे प्रचंड धूड, पण जाताना काटकी मोडल्याचासुद्धा आवाज आला नाही.

ऊन वर आल्यावर आम्ही सड्यावर बसून मामीने बांधून दिलेली घावन-चटणी खाल्ली. भाऊ आनंदाने नुसता उसळत होता. तेव्हा आई आपणहून सांगू लागली. तिच्या लहानपणी गवे घाट उतरून शेतात येत. वायंगण भात पोटरीला आले की घरातले सगळे आळीपाळीने रात्र जागत. मांगरात बसून डबे बडवत, मशाली पेटवत. एका वर्षी पहाटे सर्वांचा डोळा लागला, आणि उजाडले तेव्हा कुणग्यात भात नव्हते, नुसता चिखल होता. त्या वर्षी आजोबांनी शेजाऱ्यांकडून उसने भात आणून घर चालवले.

"मग तुला त्याचा राग नाही येत?" भावाने विचारले.

आई थोडा वेळ सड्याकडे बघत राहिली. "यायचा की! पण तेव्हा तो नीट दिसलाच नव्हता रे. अंधारात नुसती सावली. काही राखायचं नसताना आज पहिल्यांदाच बघितला." मग जरा थांबून म्हणाली, "देखणा आहे."

बाबांना त्यावर काही बोलता आले नाही, आणि त्यांच्या बाबतीत ही नवलाचीच गोष्ट!

घरी आल्यावर त्या नॉर्मन कारविषयी मी पुन्हा वाचले. १९५० मध्ये त्याने तिथल्या न्सेफू नावाच्या गावप्रमुखाची संमती मिळवली, आणि पाहुण्यांकडून येणारे उत्पन्न गावाकडे जाईल अशी व्यवस्था केली. जनावराचा जाच ज्याला सोसावा लागतो, त्याच्या पदरात जनावराचे मोलही पडावे, हा त्यातला विचार. आपल्याकडेही पिकाच्या नुकसानीची भरपाई शासन देते. आमच्या वाटाड्यासारख्यांना रोजगार मिळतो. तरीही पीक उभे असले की माझा मामा अजून रात्री जागतो. त्याच्या मांगरात डबा आणि काठी आजही टांगलेली आहेत.

म्हणून दाजीपूरला जाणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना एवढेच सांगावेसे वाटते. पहाटे जा, आणि जिथे परवानगी असेल तिथे पायीच जा. गवा दिसला तर डोळे भरून पाहा. मात्र परतताना घाटाखालच्या एखाद्या शेतकऱ्याच्या पडवीत घटकाभर टेका, आणि रात्रीची राखण कशी चालते तेही विचारा. रानाची अर्धीच हकिकत वर सड्यावर कळते; उरलेली त्या पडवीत ऐकायला मिळते.