शिस्त आणि ठिपके

आमच्या धंद्यात शिस्त म्हणजे साखळी. फोनमध्ये पाणी प्यायचं ॲप, चालायचं ॲप, स्पॅनिश शिकायचं ॲप, आणि सगळ्यांचा मंत्र एकच, साखळी तोडू नका. १४० दिवस सलग झाले, शाब्बास! १४१व्या दिवशी ताप आला की पाटी परत शून्यावर. मग बहुतेक माणसं पुन्हा एकपासून सुरुवात करत नाहीत, ॲपच काढून टाकतात.

आज लिहितोय ते एका जुन्या पद्धतीबद्दल, जिच्यात साखळी नाहीच. प्रार्थनेची आणि मनाची शिस्त लावायची ही ख्रिस्ती पद्धत आहे संत इग्नेशियस लोयोला यांची. हे गृहस्थ मुळात सैनिकी बाण्याचे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि अंथरुणात पडल्या पडल्या आयुष्याची दिशा बदलली. त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या छोट्या पुस्तकाला पोपची मान्यता मिळाली १५४८ साली. पुस्तक वाचायला घेतलं की आपल्यासारख्या माणसाला गंमत वाटते, कारण ते वाचायचं पुस्तक नाहीच, चक्क मॅन्युअल आहे. अमुक वेळी हे करा, तमुक वेळी ते, अडलं तर असं.

त्यातला एक भाग तर निव्वळ लॉग ठेवण्याचा. एका वेळी एकच दोष निवडायचा. सकाळी उठल्या उठल्या ठरवायचं, आज याच्यावर लक्ष. दिवसभरात तो घडला की हात छातीवर ठेवायचा, शेजारच्याला कळणारही नाही असा. दुपारच्या जेवणानंतर तासातासाचा आढावा आणि जितक्या वेळा घडला तितके ठिपके वरच्या रेघेवर. रात्री जेवणानंतर पुन्हा तसंच, खालच्या रेघेवर. दिवसाला दोन रेघा, आठवड्याच्या चौदा. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी ताडायची, आज कालशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी.

यात शून्यावर जाणं हा प्रकार नाही, बघा. ठिपके पडणार हे गृहीत धरूनच रेघ आखलेली आहे. शंभर ठिपक्यांचा दिवस आणि दोन ठिपक्यांचा दिवस दोन्ही त्याच वहीत, त्याच जागी बसतात. फक्त एक अट, रेघ कोरी आहे ती ठिपका नाही म्हणून की पाहिलंच नाही म्हणून, हे आपल्याला ठाऊक पाहिजे.

मी वसईचा. आमच्याकडे लहानपणी शिस्त हाकेवर चालायची. संध्याकाळी आई हाक मारायची आणि सगळं घर रोझरीला गुडघ्यावर. राखेचा बुधवार आला की उपवासकाळाचे नियम आपोआप लागू. पुण्यात नोकरीला आलो तेव्हा हाक मारणारं कोणी नव्हतं, तेव्हापासून ही वही. ऑफिसातल्या एकाने ती पाहून विचारलं होतं, "काय रे, इस्त्रीच्या कपड्यांचा हिशोब का?" म्हटलं, साधारण तसंच. दोष कोणता ते विचारू नका, ते माझं आणि कबुलीजबाब ऐकणाऱ्या फादरांचं.

इग्नेशियसनी काढलेल्या येशूसंघात दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण हा रिवाजच आहे. आपल्या मराठीत 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर स्टीफन्स याच संघाचे. १६१६ साली छापलेल्या त्या हजारो ओव्यांच्या मागेही हे रोजचे दोन थांबे असणार, असं मला आपलं वाटतं.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. गेल्या वर्षी पप्पा गेले. त्यानंतरचे कित्येक महिने प्रार्थनेला बसलं की समोर नुसती भिंत. देवाशी बोलावं असं काही नव्हतं आणि पलीकडे कोणी ऐकतंय असंही वाटत नव्हतं. रविवारची मिस्सा, ही वही, सगळं एकदम बंद करावं असा विचार रोज यायचा. तसा तो फार तर्कशुद्ध विचार होता!

अशा कोरड्या काळासाठी त्या मॅन्युअलमध्ये दोन सूचना आहेत. पहिली, मन उजाड असताना आधीचा कुठलाही निर्णय बदलू नका. उजाड होण्याच्या आदल्या दिवशी जे ठरलेलं होतं त्यालाच धरून राहा. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला हात लावू नये हे आपण पोळल्यावर शिकतो, इग्नेशियसनी ते आत्म्याबद्दल पावणेपाचशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. दुसरी सूचना अजब आहे. प्रार्थनेचा तास संपता संपत नसेल, तर तास भरल्यावर थोडं जास्तच बसा.

माझा तास नव्हता, दहा मिनिटं होती. ती अकरा केली. काही वाटो न वाटो, अकरा.

रात्रीच्या मोठ्या आढाव्याच्या पाच पायऱ्या आहेत. देवाचे आभार, दोष दिसावेत म्हणून कृपेची मागणी, दिवसाचा हिशोब, क्षमा, आणि उद्याचा निश्चय. हिशोब तिसरा आहे. आभार पहिले. त्या दिवसांत मला ही पहिली पायरीच सगळ्यात जड जायची. काही रात्री वहीत एकच ओळ आहे, 'शेवटच्या आठवड्यात पप्पांना वेदना नव्हत्या.' दुसऱ्या रात्री तीच. तिसऱ्या रात्रीही तीच.

साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. कोरडेपणा कधी ओसरला तेही वहीत सापडत नाही. एवढंच झालं की जो निर्णय सगळ्यात वाईट मनःस्थितीत घ्यायचा नव्हता, तो घेतला गेला नाही. परत देवाशी बोलावंसं वाटलं तेव्हा बसायची जागा आणि वेळ दोन्ही शाबूत होते. शिस्तीचा उपयोग, मला वाटतं, इतकाच आणि एवढा मोठा. चांगल्या दिवशी माणूस तसाही प्रार्थना करतोच.

आणि हो, शिस्त म्हणजे देहदंड नव्हे, हेही इग्नेशियस अनुभवाने शिकले. १५२२ साली मानरेसा गावी ते रोज सात तास गुडघ्यावर प्रार्थना करत, केस-नखं वाढू देत, एकदा तर आठवडाभर अन्नाला शिवले नाहीत. शेवटी कबुलीजबाब ऐकणाऱ्या गुरूने जेवायला लावलं. हाच माणूस १५४८ साली गांदियाचे ड्यूक फ्रान्सिस बोर्जा यांना पत्र लिहून सांगतो की प्रार्थनेचा वेळ निम्मा करा, पोट नीट ठेवा, शरीर दुबळं करू नका. तेव्हा उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी पहाटे चारचा गजर लावणाऱ्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं.

असो. ख्रिस्ती असा नसा, करून बघायचं असेल तर दोन रेघा आणि दहा मिनिटं पुरतात. सुरुवात मात्र आभारापासून करा, ठिपक्यांपासून नको.