डाव्या पायाची सुट्टी

माझ्या डाव्या पायाला हल्ली सुट्टी लागली आहे. स्वयंपाकघरात, जिन्यावर, देवळाच्या पायऱ्यांवर तो आपले दुखणे घेऊन पूर्वीसारखाच कुरकुरतो. पण मी मोटारीत बसले, की त्याला काही काम उरत नाही. उजवा पाय ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर अशा दोन घरी राबत असतो. डावा मात्र पेन्शनीत निघालेल्या सासऱ्यासारखा कोपऱ्यात बसून सगळे नुसते पाहतो.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मोटार शिकण्याची हौस मला कुठून आली, असे आमच्या इमारतीतल्या बायका विचारतात. हौस कसली! आमच्या ह्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. हा रोग मोठा लबाड आहे. तो कडेकडेने दृष्टी कुरतडतो. समोरचे दिसत राहते, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून राखायची. डॉक्टर म्हणाले, “वाचा, लिहा, फिरा, गाडी मात्र आता नको.” घरी येऊन ह्यांनी किल्ली खुंटीला अडकवली. त्यानंतर पंधरा दिवस त्या खुंटीकडे दोघांनीही पाहिले नाही.

रिक्षांना पुण्यात तोटा नाही. भाजी, बँक, दवाखाना, सगळे रिक्षाने होत होते. पण हे बाहेर पडेनासे झाले. वाईला माझी नणंद असते. दर महिन्या-दोन महिन्यांनी तिच्याकडे एक फेरी व्हायची. “एसटीने जाऊ या की,” मी म्हटले, तर “बघू” म्हणाले. आणि आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे काय, ते मला पस्तीस वर्षांत चांगले कळले आहे. शेवटी एका रात्री जेवताना मीच म्हटले, “मी शिकते गाडी.”

त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे आणि मग माझ्या डाव्या गुडघ्याकडे पाहिले. पुण्याच्या रहदारीत क्लच दाबायचा म्हणजे त्या गुडघ्याची चटणीच. तेव्हा जुनी गाडी देऊन क्लच नसलेली लहानशी गाडी घ्यावी, असे ठरले. “क्लच नसलेली नव्हे,” ह्यांनी लगेच दुरुस्ती केली, “क्लचचं पायडल नसलेली.” पाटबंधारे खात्यात जन्म गेलेला माणूस; शब्द सैल पडू द्यायचा नाही. एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी मला आकृतीच काढून दिली. पुऱ्या स्वयंचलित गाडीत बहुधा इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाने भरलेले एक भांडे असते आणि फिरत्या तेलातून जोर पलीकडे पोचतो. आमच्या गाडीत तसले काही नाही. गिअरपेटी जुनीच, क्लचची कोरडी प्लेटही जुनीच. फक्त चालवणाऱ्याच्या डाव्या पायाचे आणि डाव्या हाताचे काम तेलाच्या दाबाने सरकणाऱ्या दट्ट्यांकडे दिलेले, आणि त्या दट्ट्यांना हुकूम सोडायला एक चिमुकला संगणक. शर्यतीच्या गाड्यांमध्ये या युक्तीचा मोठा बोलबाला झाला तो १९८९ साली. त्या वर्षी ब्राझीलची शर्यत नायजेल मॅन्सेलने अशाच गिअरपेटीच्या फेरारीत बसून जिंकली. आपल्याकडे मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात ही सोय २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आली. “पंचवीस वर्षांनी का होईना, शर्यतवाल्यांच्या पंगतीचं आपल्या पानात पडलं,” हे म्हणाले. काचबिंदूनंतर ते प्रथमच हसले, म्हणून ते वाक्य माझ्या लक्षात राहिले.

शिकवायला येणारा मुलगा पंचविशीचा. त्याला आमच्या गाडीचा फारसा आदर वाटत नसावा. “काकू, ह्यात शिकवण्यासारखं काय आहे?” असे तो पहिल्याच दिवशी म्हणाला. पण शिकण्यासारखे पुष्कळ निघाले. ब्रेकवर पाय ठेवल्यावाचून गाडी सुरूच होत नाही. दांड्यापाशी आर, एन, डी अशी तीन अक्षरे, आणि बाजूला एम. दांडा डीवर नेऊन ब्रेक सोडला, की अ‍ॅक्सिलरेटरला न शिवता गाडी आपली आपण रांगू लागते. पहाटे मोकळ्या मैदानावर मी आठवडाभर तिला नुसती रांगवत होते. नातवंडाला रांगवताना जो आनंद होतो, त्याहून फार कमी नव्हता तो.

पुढे वेग घेताना मात्र ती मान डोलावू लागली. पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना संगणक क्षणभर इंजिनाचा जोर तोडतो, क्लच सोडवतो, गिअर बदलतो आणि पुन्हा जोडतो. तेवढ्या क्षणात कीर्तनात पेंगणाऱ्या श्रोत्यासारखी सारी गाडी पुढे डुलते. याला उपाय एकच: तिच्या मनात गिअर बदलायचे आले, की आपण अंगठ्याचा भार जरासा हलका करायचा. पण तिच्या मनात कधी आले, हे कसे ओळखावे? शिकवणाऱ्या मुलाला ते शब्दांत सांगता येईना. मला ते माझ्या शिवणयंत्राने सांगितले. चाळीस वर्षे ज्या बाईने पायडल मारले, तिच्या पायाला यंत्राचा सूर चढला की उतरला, हे कानाच्या आधी कळते. चार दिवसांत गाडी डुलायची थांबली.

मागच्या सीटवर हे बसत. बोलत काही नसत. पण दर वेळी गिअर बदलला, की त्यांचा डावा पाय पायाखालची चटई दाबी. मला आरशात तो दिसत नसे, चटईचा आवाज मात्र ऐकू येई.

चाळिशी उलटलेल्यांना डॉक्टरचा दाखला लागतो. तो घेऊन, इंग्रजी आठाच्या आकड्यावरून गाडी फिरवून मला परवाना मिळाला. त्या दिवसापासून चालवणे माझ्याकडे आले आणि गाडी सांभाळणे ह्यांच्याकडे गेले. त्यांनी त्यासाठी एक वही घातली आहे. चढावर अ‍ॅक्सिलरेटरच्या जोरावर गाडी तोलून धरायची नाही. क्लचची प्लेट घासून तापते, जळका वास येतो आणि मग खिशालाही चटका बसतो. ब्रेक किंवा हँडब्रेकच धरायचा. रांगेत इंच-इंच सरकण्यापेक्षा थोडी जागा होऊ द्यायची. सिग्नल लांबला, तर दांडा एनवर. गाडी उभी करताना अडकवून ठेवायला पी हे अक्षर हिच्याकडे नाही, म्हणून हँडब्रेक ओढून, दांडा गिअरमध्येच ठेवून इंजिन बंद करायचे. आणि बॅटरी कधी बसू द्यायची नाही, कारण ढकलून सुरू करण्याची आपली जुनी युक्ती हिला चालत नाही. सर्व्हिसिंगला गेलो, की हे दट्ट्यांचे तेल पाहायला लावतात आणि प्लेट किती झिजली, ते मेकॅनिकला विचारतात. नजर गेली त्या बाजूला बहुधा कान उगवले असावेत. गिअर अर्धा क्षण उशिरा पडला, तरी त्यांना कळते.

गेल्या आश्विनात आम्ही वाईला गेलो. दुसऱ्या दिवशी नणंद म्हणाली, “वहिनी, पाचगणीपर्यंत जाऊन येऊ या का?” म्हणजे पसरणीचा घाट. हे या खेपेला माझ्या शेजारी बसले. घाट त्यांना पाठ. धोम धरणावर त्यांची काही वर्षे नोकरी झालेली. चढताना मी दांडा एमवर घेतला, म्हणजे ऐन वळणावर संगणकाची चलबिचल नको, आणि दुसरा गिअर धरून ठेवला. “आता उजवं वळण, मोठं आहे. हॉर्न दे.” मी हॉर्न दिला. वरून खरोखरच एसटी उतरत होती. पुढचे वळण त्यांनी सांगितले, त्याच्या पुढचेही. मला दिसत होते आणि त्यांना आठवत होते, अशी आमची गाडी चढत होती. चटईचा आवाज कधी थांबला, ते माझ्या ध्यानातच आले नाही.

अर्ध्या घाटात ते म्हणाले, “धोमचं पाणी दिसतंय का गं?”

“मी रस्त्याकडे बघतेय.”

“बरोबर आहे. रस्त्याकडेच बघ.”

पुढे जरा रुंद जागा लागली. मी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, गिअर तसाच ठेवून इंजिन बंद केले. नणंदेने मागच्या चाकाला धोंडा लावला. हे खाली उतरले आणि कठड्यापाशी उभे राहून सबंध मान वळवत, इकडून तिकडे, पाणी शोधू लागले. मी जवळ गेले.

“हां, सापडलं,” ते म्हणाले. “पण सगळं एकदम मावत नाही. आता तू सांग, यंदा किती भरलंय?”

मी कठड्यावर हात टेकला आणि भिंतीपासून सुरुवात केली.