बिदरच्या चाचांचा पहिला प्रश्न

मुलांनो, तुमच्या घरात एखादा जुना तांब्या किंवा परात आहे का? असेल तर तिच्या काठाजवळ बोट फिरवून पाहा. आजीचं किंवा पणजोबांचं नाव हाताला लागेल. बारीक ठिपक्या-ठिपक्यांची ती अक्षरं कुणीतरी बसून, एकेक ठोका मारून घातलेली असतात. आता हे काम बहुतेक ठिकाणी विजेचं यंत्र करतं. कर्रर्र आवाज झाला की नाव तयार!

मलाही एकदा हातानं नाव कोरायची हौस आली. मी उदगीरजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी काम सोडून लेकीकडे राहायला निघाल्या होत्या. मुलांनी पैसे जमवून त्यांच्यासाठी मसाल्याचा पितळी डबा आणला. मी म्हटलं, झाकणावर नाव मीच घालते. घड्याळवाल्याकडून दहापट मोठं दाखवणारं भिंग आणलं. बारीक काम आहे, मग भिंग जितकं जोरदार तितकं बरं, असा माझा हिशेब! झाकण गुडघ्यांत धरलं आणि केली सुरुवात.

दुसऱ्या अक्षराच्या वेलांटीवर छिन्नी घसरली. झाकणावर बोटभर लांब ओरखडा उठला आणि टोक डाव्या अंगठ्यात गेलं. अंगठा आठ दिवसांत बरा झाला, पण ओरखड्याकडे पाहवेना. मुलं काही बोलली नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

म्हणून एका रविवारी झाकण पिशवीत घालून मी बिदरला गेले.

उदगीरहून आगगाडीनं भालकी आणि मग बिदर. गाव कर्नाटकात आहे, पण बाजारात कन्नड, उर्दू, मराठी अशा तिन्ही भाषा कानावर पडतात. बहमनी सुलतानांनी पंधराव्या शतकात गुलबर्ग्याहून राजधानी इथे हलवली. जुन्या गावाच्या मधोमध चौबारा नावाचा उंच गोल बुरूज आहे. तिथून किल्ल्याकडे चालत गेलं की वाटेत महमूद गावानचा मदरसा लागतो. 1472 मध्ये बांधलेलं हे विद्यापीठच म्हणा ना! दर्शनी भिंतीचा निम्मा भाग पडून गेलाय, पण उरलेल्या मनोऱ्यावर निळ्या-पिवळ्या फरशांची नक्षी अजून दिसते. किल्ल्यातल्या रंगीन महालात काळ्या दगडात शिंपल्याचे चमकते तुकडे बसवलेत. काळ्यावर पांढरं! बिदरच्या कारागिरांची नजर कशावर वाढली असेल ते तिथे कळतं.

कारण बिदरी काम म्हणजे तेच, फक्त धातूत. जस्त खूप आणि तांबं थोडं, साधारण सोळास एक, असं वितळवून वस्तू ओततात. ती घासून गुळगुळीत करतात, नक्षी कोरतात आणि कोरलेल्या चरीत चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी नवसागर आणि किल्ल्यातली जुनी माती पाण्यात कालवून वस्तू त्यात बुडवली की जस्ताचा धातू काळाभोर होतो, चांदी मात्र पांढरीच राहते. ही माती उन्हापावसापासून आडोशाला राहिलेली लागते. कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. (तुम्ही मात्र कुठलीच माती चाखू नका!) या कलेसाठी बिदरच्या शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली.

मी ज्या दुकानात शिरले तिथले चाचा साठीच्या पुढचे होते. झाकण त्यांच्यापुढे ठेवून मी सगळी हकिगत सांगितली. मला वाटलं, छिन्नी कशी धरली ते विचारतील. त्यांचा पहिला प्रश्न वेगळाच.

"बाई, झाकण कशात धरलं होतं?"

"गुडघ्यांत."

चाचा हसले. "मग ओरखडा गुडघ्यानं पाडला. हाताला कशाला बोल लावता?"

त्यांच्यापुढे एक जड दगड होता. दगडावर मेण-राळेचा थर आणि त्यात फुलदाणी अर्धी रुतवून घट्ट बसवलेली. बाजूला बाकावर लोखंडी वाइसही होता. फिटरकडे तुम्ही पाहिला असेल, दांडा फिरवला की त्याचे दोन जबडे वस्तूला आवळतात. मी विचारलं, "तो असताना दगड कशाला?" चाचा म्हणाले, "तो घासायला. कोरताना वस्तू फिरली पाहिजे."

मग त्यांनी कोरून दाखवलं. छिन्नीला ते 'कलम' म्हणत. वेलीचं वळण आलं तसा उजवा हात जवळजवळ जागचा हललाच नाही. डाव्या हातानं ते दगड हळूहळू फिरवत होते. घरी पोळी लाटताना पाहा. आई ओट्याभोवती फिरते का? पोळी लाटण्याखाली फिरते! मी मात्र वेलांटी काढताना मनगटच वाकवत गेले होते. मनगट वाकलं की जोर सुटतो आणि छिन्नी घसरते.

मोठ्या शहरांत कोरीव काम करणारे जवाहिरे खास गोल वाइस वापरतात. खालचा भाग लोखंडी गोळ्यासारखा, तो एका कड्यात बसतो. वरचा भाग बोटानं ढकलला तरी गर्रकन फिरतो, आणि गोळा कड्यात हवा तसा कलतासुद्धा करता येतो. तो घेताना दोन गोष्टी पाहायच्या. फिरताना अडखळता कामा नये, आणि वजन भरपूर हवं, म्हणजे ठोका बसल्यावर जागचा सरकत नाही. पण किंमत ऐकून आमच्या शाळेनं डोळेच मिटले असते! चाचांनी सोपी युक्ती सांगितली. चांभाराकडून चामड्याची गोल पिशवी शिवून घ्या, बारीक वाळू ठासून भरा, तिच्यावर लाकडी फळी ठेवा आणि फळीवर राळ. झाली तुमची फिरती बैठक.

आता भिंगाची गंमत. माझं दहापटीचं भिंग चाचांनी डोळ्याला लावलं आणि मलाच परत दिलं. "यातून पाहताना हातोडी कुठे धरता?" खरंच की! त्या भिंगातून नीट दिसायला वस्तू साधारण अडीच सेंटिमीटरवर आणावी लागते. मी झाकणाला नाक लावून बसले होते आणि हातोडी दोनदा माझ्याच कपाळाला लागली होती. हे मी चाचांना सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगते आहे, शाळेत बोलू नका.

साध्या भिंगाची ताकद वाढली की जागा आकसते. एकावेळी दिसणारा भागही लहान होतो. शिवाय ते एकाच डोळ्याला लावायचं. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा बरं! खोली कळत नाही, दोरा सुईच्या पुढून नाहीतर मागून जातो. चाचांचा मुलगा कपाळाला पट्टा बांधून दोन्ही डोळ्यांपुढे येणारं, अडीचपटीचं भिंग वापरत होता. त्यातून वीतभर अंतरावरचं स्पष्ट दिसत होतं. मान ताठ आणि हातोडीला मोकळी जागा. भिंग घेताना आपल्या नेहमीच्या बैठकीत बसून, हत्यार हातात धरून पाहायचं. रेघ दिसेल एवढीच ताकद पुरे. याहून बारीक काम करणारे दोन डोळ्यांचा सूक्ष्मदर्शक वापरतात. त्याची रचनाच अशी असते की पट वाढली तरी खाली हाताला जागा राहते.

आणि चाचा स्वतः? त्यांना फक्त चष्मा! कोरण्याआधी ते वस्तूला मोरचुदाचं पाणी लावून काळी करतात. मग कलमाची बारीक रेघही काळ्या फळ्यावरच्या खडूसारखी लख्ख दिसते. निम्मं भिंग तिथेच वाचतं.

पालकांनो, मुलांना हे करायचं असेल तर राळ गरम करणं आणि मोरचूद हाताळणं तुम्हीच करा. डोळ्यांवर साधा संरक्षक चष्मा हवाच, कारण धातूचा कण उडतो.

माझा ओरखडा मात्र चाचांनी पुसला नाही. नखानं खोली पाहून म्हणाले, "घासत बसलात तर पत्रा पातळ होईल. राहू द्या."

परत आल्यावर आम्ही वाळूची पिशवी केली. कार्यानुभवाच्या तासाला मुलांनी आधी जुन्या पितळी पत्र्यावर रेघा मारल्या. पहिल्या दिवशी पिशवीची शिवण उसवून वर्गभर वाळू झाली! मग झाकण आतून राळेनं भरून फळीवर बसवलं आणि नावाची उरलेली तीन अक्षरं मी चार दिवसांत कोरली. मावशी मोटारीत बसायच्या आदल्या संध्याकाळी काम संपलं. राळ सोडवून झाकण मुलांनी घासून धुतलं आणि डबा त्यांच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी एकेका अक्षरावरून बोट फिरवलं, ओरखड्यापाशी थांबल्या आणि माझा अंगठा पाहायला मागितला.