इच्छाशक्तीने कॅन्सर बरा होतो का? एका सायकलपटूच्या चरित्राच्या निमित्ताने

"डॉक्टर, त्या सायकलवाल्याचा कॅन्सर तर मेंदूपर्यंत गेला होता. तरी तो नुसत्या इच्छाशक्तीवर बरा झाला ना?"

परळ-लालबागच्या आसपास दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतोच. टाटा रुग्णालयात उपचारांसाठी राज्यभरातून माणसं येतात. कुणी नातेवाइकांकडे उतरतात, कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, तर कुणी चक्क फुटपाथवर. मोठे उपचार तिकडे चालू असतात आणि मधल्या काळात ताप, खोकला, बीपी, झोप न येणं यासाठी ही मंडळी जवळच्या दवाखान्यात येतात. आजाराची माहिती ते मोबाईलवर शोधतात, आणि शोधताना बहुतेक वेळा पहिल्या काही पानांत विकिपीडिया असतोच.

म्हणून गेले काही महिने मी रात्री जेवण झाल्यावर अर्धा-पाऊण तास एक वेगळंच काम करतो आहे: लान्स आर्मस्ट्राँग या सायकलपटूचं मराठी विकिपीडियावरचं चरित्र सुधारण्याचं. तुम्ही विचाराल, डॉक्टरला सायकलपटूच्या चरित्राशी काय करायचंय? कारण साधं आहे. 'वृषणाचा कर्करोग' या नावाचा लेख आपणहून कुणी उघडत नाही. पण प्रसिद्ध खेळाडूची गोष्ट सगळे वाचतात, आणि तिच्यात आजाराबद्दल जे लिहिलेलं असतं ते वैद्यकीय सल्ल्यासारखं मनात बसतं.

कोण हा आर्मस्ट्राँग?

जन्म १९७१, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात. १९९३ मध्ये सायकल शर्यतीचा जगज्जेता. ऑक्टोबर १९९६ मध्ये, वयाच्या २५व्या वर्षी, त्याला वृषणाचा कर्करोग असल्याचं निदान झालं. तोपर्यंत तो पोट, फुप्फुसं आणि मेंदूपर्यंत पसरला होता. उपचारांनंतर तो पुन्हा सायकलवर बसला आणि १९९९ ते २००५ सलग सात वेळा 'टूर द फ्रान्स' ही जगातली सर्वांत मानाची शर्यत त्याने जिंकली. त्याच्या संस्थेचे पिवळे रबरी पट्टे जगभर कोट्यवधी लोकांनी मनगटावर घातले. पुढे २०१२ मध्ये उत्तेजक द्रव्यांचं प्रकरण सिद्ध झालं, सातही विजेतेपदं काढून घेतली गेली आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने टीव्हीवर कबुली दिली.

अशा माणसाचं चरित्र दोन टोकांना झुकतं. एकाला तो देवमाणूस वाटतो, दुसऱ्याला 'सगळंच खोटं, कॅन्सरसुद्धा खोटा' असं वाटतं. दोन्ही गोष्टी रुग्णासाठी घातक आहेत.

'मात केली' म्हणजे नेमकं काय केलं?

मराठीत त्याच्याबद्दल फिरणारं वाक्य असं असतं: 'जबर इच्छाशक्तीच्या जोरावर त्याने कर्करोगावर मात केली.' ऐकायला छान वाटतं. पण यात एकही उपचार नाही, औषध नाही, डॉक्टर नाही. म्हणून या एका वाक्याच्या जागी घडलेल्या गोष्टी क्रमाने लिहायला मी सर्वांत जास्त वेळ दिला.

निदान होताच आजारी वृषण शस्त्रक्रियेने काढलं. पुढचे उपचार इंडियाना विद्यापीठाच्या रुग्णालयात झाले. मेंदूतल्या गाठी शस्त्रक्रियेने काढल्या. केमोथेरपीच्या चार फेऱ्या झाल्या आणि डिसेंबर १९९६ मध्ये त्या संपल्या. पहिल्या फेरीत ब्लिओमायसिन हे औषध होतं. ते फुप्फुसांना इजा करू शकतं, म्हणून पुढच्या फेऱ्यांत त्याऐवजी आयफॉस्फामाइड वापरलं. सायकलपटूला फुप्फुसं किती मोलाची, हे डॉक्टरांनी लक्षात घेतलं.

या सगळ्यात खरा नायक आहे सिस्प्लॅटिन नावाचं औषध. १९७४ मध्ये त्याच इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आईनहॉर्न यांनी ते इतर दोन औषधांबरोबर या कर्करोगासाठी वापरायला सुरुवात केली. त्याआधी शरीरभर पसरलेल्या या आजारातून फार थोडे तरुण वाचत. आज लवकर सापडल्यास शंभरातले पंचाण्णवहून अधिक रुग्ण बरे होतात. पसरल्यानंतरही बहुसंख्य बरे होतात, आणि सर्वांत गंभीर गटातही साधारण निम्मे किंवा त्याहून अधिक. आता हे औषध जुनं झालंय, त्याच्या जेनेरिक आवृत्त्या मिळतात आणि आपल्याकडेही ते नेहमी वापरलं जातं.

मग इच्छाशक्तीचा काहीच उपयोग नाही का? आहे. केमोच्या उलट्या, अशक्तपणा, गळणारे केस हे सगळं सोसून पुढच्या तारखेला परत जायला ती लागते. पण गाठ विरघळते ती औषधाने. हा फरक मी इतक्या आग्रहाने का मांडतो? कारण ज्यांचा आजार उपचारांना दाद देत नाही, अशी माणसंही माझ्यासमोर बसतात. 'मीच कुठेतरी कमी पडलो का?' असं एखादा बाप विचारतो, तेव्हा ते छान वाक्य किती क्रूर आहे हे कळतं. कुणाचाही कॅन्सर त्याचं मन कमकुवत होतं म्हणून जिंकत नाही.

शब्दांचा घोळ

दुसरी अडचण भाषेची. शुद्ध शब्द 'वृषण'. ती ज्या पिशवीत असतात ती 'अंडकोश'. पण घाईच्या अनुवादात कधी कधी 'अंडाशय' लिहिलं जातं, आणि अंडाशय तर स्त्रियांच्या शरीरात असतं! दवाखान्यात यातला एकही शब्द कुणी उच्चारत नाही. तरुण मुलगा मान खाली घालून एवढंच म्हणतो, "डॉक्टर, खाली जरा सूज आहे." विवाहित असेल तर बायकोला बाहेर थांबायला सांगून म्हणतो.

म्हणून पहिल्या उल्लेखात मी 'वृषण' लिहिलं आणि लगेच पुढे साध्या शब्दांत सांगितलं: पुरुषाच्या जांघेखालच्या पिशवीतल्या, वीर्यातले शुक्राणू तयार करणाऱ्या दोन ग्रंथी. वाचणाऱ्याला आपल्या शरीराचा भाग ओळखता आला पाहिजे.

तेच औषध, दोन उपयोग

उत्तेजकांचा भाग लिहिताना 'ईपीओ' टाळता येत नाही. एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक आपली मूत्रपिंडं तयार करतात आणि त्यामुळे हाडांच्या मगजात लाल रक्तपेशी बनतात. मूत्रपिंडं निकामी झाली की ते कमी पडतं आणि हिमोग्लोबिन घसरतं. तुमच्या घरात कुणी डायलिसिसवर असेल, तर त्यांना मिळणारं रक्तवाढीचं इंजेक्शन बहुधा हेच किंवा याच्या कुळातलं असतं.

निरोगी सायकलपटूने ते घेतलं की लाल पेशी गरजेपेक्षा जास्त होतात, स्नायूंना जादा प्राणवायू मिळतो आणि घाटात दम टिकतो. पण रक्त घट्ट होतं. गुठळी, हृदयविकार, पक्षाघात यांचा धोका वाढतो. एका डायलिसिसच्या रुग्णाने मला विचारलं होतं, "हे बंदी असलेलं औषध मला का देता?" त्याच्यासाठी उत्तर असं: तुमची कमतरता भरून काढायला ते मोजून-मापून, रक्त तपासत दिलं जातं. तुमचं इंजेक्शन बंद करू नका.

'उत्तेजकांमुळेच त्याला कॅन्सर झाला' असंही लोक म्हणतात. याला पुरावा नाही. म्हणून ते चरित्रात लिहिता येत नाही. आजार खरा होता, उपचार खरे होते. विजयांमागची फसवणूकही खरी होती. तिन्ही गोष्टी एकाच पानावर राहायला हव्यात.

डॉक्टरची पदवी तिथे चालत नाही

विकिपीडियावर काम करताना एक गंमत होते. 'माझा वीस वर्षांचा अनुभव आहे' याला तिथे किंमत शून्य. प्रत्येक विधानाला प्रकाशित, विश्वासार्ह संदर्भ लागतो. जिवंत व्यक्तीच्या चरित्राला तर नियम अधिक कडक. संदर्भ नसलेलं वादग्रस्त वाक्य कुणीही काढून टाकू शकतं. सुरुवातीला हे खटकतं, पण विचार केला तर रुग्णाच्या दृष्टीने ते चांगलंच आहे.

आणखी एक नियम: विश्वकोश सल्ला देत नाही. 'सूज आली तर डॉक्टरकडे जा' असं चरित्रात लिहिता येत नाही. ते सांगायला हा ब्लॉग आहे.

तर मग लक्षात ठेवा

• हा कर्करोग आपल्याकडे दुर्मिळ आहे. वर्षाला लाख पुरुषांमागे एकापेक्षाही कमी. पण तो येतो मुख्यतः तरुणांना, साधारण १५ ते ३५-४० या वयात.

• पहिलं लक्षण बहुधा न दुखणारी गाठ किंवा जडपणा. दुखत नाही म्हणून दुर्लक्ष करू नका.

• प्रत्येक सूज कॅन्सर नसते. हायड्रोसील, हर्निया, संसर्ग ही कारणं कितीतरी जास्त आढळतात. पण ते ठरवायचं सोनोग्राफीने, अंदाजाने नाही.

• अचानक तीव्र कळ आली तर सकाळची वाट पाहू नका. वृषणाला पीळ पडला असेल तर काही तासच हाताशी असतात.

• लहानपणी वृषण खाली न उतरलेल्यांना धोका थोडा जास्त. बाळाच्या बाबतीत असं वाटलं तर बालरोगतज्ज्ञांना लवकर दाखवा.

• शंका आल्यास एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच या रक्ततपासण्या होतात. गाठीत थेट सुई घालून तुकडा काढू देऊ नका. शस्त्रक्रिया जांघेतून केली जाते.

• मूल हवं असेल तर केमोच्या आधी शुक्राणू गोठवून ठेवण्याबद्दल स्वतःहून विचारा. एक वृषण निरोगी असेल तर लैंगिक जीवन आणि पितृत्व सहसा शक्य असतं.

• सायकल चालवल्याने हा कर्करोग होतो, असं सिद्ध झालेलं नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस ॲक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. त्यांच्याबद्दल वाचून सायकल घेतलेले बरेच जण मला हे विचारतात. बिनधास्त चालवा. खाली बधिरपणा येत असेल तर सीटची उंची आणि आकार तपासा.

आणि पुढच्या वेळी कुणाच्याही चरित्रात 'अमुक आजारावर मात केली' असं वाचलंत, तर तिथेच थांबून तीन प्रश्न विचारा: कोणत्या टप्प्यावर निदान झालं? कोणते उपचार झाले? हे कशाच्या आधारे लिहिलंय? उत्तरं सापडली नाहीत, तर त्या वाक्यावरून स्वतःच्या किंवा घरच्यांच्या उपचारांचा निर्णय घेऊ नका. तुमच्या डॉक्टरांशी बोला. लाज वाटली तर एका चिठ्ठीवर लिहून आणा. चिठ्ठीवरूनही आम्हाला कळतं.